पाखराचे हिस्से

छोटा हत्ती गल्लीच्या तोंडाशी अडकला आणि दिवसाची सुरुवात दरवर्षी होते तशीच झाली, म्हणजे आरडाओरड्यानं.

"मी सांगितलं होतं का नाही, मागच्या रस्त्यानं घे म्हणून?" अंकुश टेम्पोच्या खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ड्रायव्हरवर खेकसत होता. "पण माझं ऐकते कोण!"

"मागच्या रस्त्यावर भोजनदानाचा मंडप टाकून राहिले, दादा," फाटकात उभा विक्की म्हणाला. "कालच फोन केला होता तुले. तू उचलशीन तं ना!"

"तुझा फोन उचलला का अर्धा तास जाते माझा."

मागे ताडपत्रीखाली दोरांनी आवळलेलं इंजिन होतं आणि इंजिनाला पाठ टेकून प्रीती बसली होती. अंकुशची ही एकुलती एक मुलगी मिहानात विमानांच्या देखभालीचं काम करते. तिथली अजस्र इंजिनं तिचं मुकाट्यानं ऐकतात. इथे बापानं आणि काकानं गाडीचा एक नट लागायच्या आधीच तोंड सोडलं होतं. तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

आता इंजिन टेम्पोतून कशाला आलं, ते गाडीतच का नव्हतं, असं बाहेरचा माणूस विचारेल. विचारू दे बिचारा. घरातल्यांनी विचारणं कधीच सोडलं आहे.

गाडी गोविंदाची. चौतीस सालची विलायती एमजी, दोन सिटांची, बुटकी, इतकी हलकी की बॉडी चार माणसं खाटेसारखी उचलतात. घरात तिला पाखरू म्हणतात. गोविंदा गिरणीत फिटर होता आणि गिरणीतल्या इंग्रज साहेबाला शर्यतींचा नाद होता. शर्यतीत साहेबाला शेजारी असा माणूस लागे की ज्याला इंजिन कळतं पण ज्याचं वजन नाही. हाडकुळा गोविंदा दोन्हीत बसला. साहेब देश सोडून गेला तेव्हा गाडी त्याच्या हवाली करून गेला, आणि मग गोविंदा स्वतःच जुन्या धावपट्टीवर शर्यतीत उतरला, शेठ लोकांच्या आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या गाड्यांच्या रांगेत. दुसरा आला. पहिला कोण आला हे या घरात कोणालाच माहीत नाही, कारण ते त्यानं जन्मात सांगितलं नाही.

त्या शर्यतीसाठी गाडी आणखी हलकी करायची म्हणून त्यानं डाव्या बाजूची सीट काढून टाकली. ती परत कधी लावलीच नाही. बायकोनं, तुळसाबाईनं, ती सीट उचलून स्वयंपाकघरात नेली आणि तेव्हापासून ती तिच्यावर बसूनच भाजी चिरते. पाखरात बसणं काही तिच्या वाट्याला आलं नाही, सीट तेवढी आली.

गोविंदा गेला आणि तीन मुलांनी पाखरावरून वर्षभर एकमेकांची डोकी खाल्ली. शेवटी तुळसाबाई वैतागून म्हणाली, "मंग तोडा तिले अन् एकेक तुकडा घेऊन जा घरी!" तिला वाटलं, लाज वाटेल, तिघांतलं एक तरी म्हणेल की राहू दे माय. पण आपल्याच पोटची पोरं तिला कळली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिघं पाने-पक्कड घेऊन दारात हजर! इंजिन थोरल्या अंकुशकडे मनीषनगरला गेलं, चाकं आणि स्टिअरिंग नंदिनीकडे सक्करदऱ्याला, आणि बाकीचा सांगाडा इथेच इंदोऱ्याच्या घरात धाकट्या विक्कीच्या वाट्याला आला. तेव्हा तुळसाबाईनं एकच अट घातली: दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिघांनी यायचं, गाडी जोडायची. दसऱ्याला सगळ्यांनी दीक्षाभूमीवर जाऊन यायचं. संध्याकाळी खुशाल खोला.

तेव्हापासून हे चालू आहे. नुसती जोडायची, फोटो काढायचा, चहा प्यायचा, भांडायचं आणि खोलायची. इंजिन सुरू करायचा विचार कोणाच्या डोक्यात आला नव्हता. या वर्षी तो प्रीतीच्या डोक्यात होता, आणि अजून तो अंकुशखेरीज कोणाला माहीत नव्हता.

*

नंदिनीची रिक्षा आली तोवर इंजिन पोर्चमध्ये उतरलं होतं. ती उतरली, पायाखाली बघत, एक हात गुडघ्यावर ठेवून. रिक्षात मागे स्टिअरिंग आणि चार चाकं, तारांची, जुन्या चादरीत गुंडाळलेली.

"कोणी येता का उचलाले, का हे पण मीच करू?" मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई, शाळेत प्रमाण भाषेत बोलायची. माहेरच्या फाटकात पाऊल पडलं की सगळं व्याकरण सुटायचं.

विक्कीनं चाकं उतरवली आणि तिसऱ्या चाकावर थबकला. "ताई, हे काय वं? हा गोल डाग कायचा?"

"कायचा म्हणजे? कुंडीचा असेल."

"बाबाच्या चाकावर कुंडी ठेवते तू?"

"मनीप्लांट आहे, जड नाही काही."

"अरे बाप्पा! दादा, पाहा इकडे. शर्यतीचं चाक आहे अन् हिनं त्याचं स्टूल केलं."

अंकुशला हेच हवं होतं. तो खुर्चीतून न उठता म्हणाला, "मी तेव्हाच म्हटलं होतं, चाकं तिच्याकडे देऊ नका. माझं इंजिन पाहा, कापडात गुंडाळलेलं असते बारा महिने."

"हो, अन् विक्कीची बायको बॉनेटवर मिरच्या वाळवते ते कोणाले दिसत नाही," नंदिनी म्हणाली.

विक्कीची बायको प्रेमिला तेवढ्यात पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येत होती. इतक्या वर्षांत तिनं एकदाही स्वतःची स्कूटर पोर्चमध्ये लावलेली नव्हती, कारण पोर्चमध्ये पाखराचा सांगाडा विटांवर बसलेला असायचा. मांजरीनं त्यात दोनदा पिल्लं घातली, तीही तिनंच काढली.

"मिरच्यांनी गंज नाही चढत, ताई," ती गोड आवाजात म्हणाली. "पाणी घ्या."

नंदिनीनं पाणी घेतलं आणि पायरीवर बसली. गुडघा ठणकत होता. उन्हाळ्यात ऑपरेशन झालं होतं. अंकुशच्या घरून नुसता वहिनीचा मेसेज आला होता, हात जोडलेल्या चित्राचा. विक्कीचा तोही नाही. आणि आता कुंडीच्या डागावरून दोघं भाऊ असे बोलत होते जणू तिनं बापाचा फोटो विकला. हॉलमध्ये भिंतीवर ती चाकं लावून तिनं किती जणांना सांगितलं होतं, आमच्या बाबांची. एक चाक मेलं कुंडीखाली गेलं तर लगेच कोर्ट बसलं. पुढच्या वर्षी येणारच नाही मी, असं तिनं मनात ठरवलं. हेही ती दरवर्षी ठरवायची.

"आत्या, गुडघा कसा आहे?" प्रीतीनं इंजिनाखालून विचारलं.

"आहे आपला," नंदिनी म्हणाली, आणि तिला एकदम भरून आलं. सबंध घरात विचारणारी ही एकटी पोरगी.

*

चेन-पुलीला इंजिन टांगलं आणि खरा तमाशा सुरू झाला.

"डावीकडे घे."

"दादा, तुझं डावं का माझं डावं?"

"अबे, डावं म्हणजे डावं!"

"तू बसून नको सांगू. उठ, हात लाव."

"माझी पाठ दुखून राहिली."

"तुझी पाठ बरोबर दसऱ्याच्या आदल्या दिवशीच कशी दुखते, मले समजत नाही."

"बाबा, काका, दोघंही तोंड बंद ठेवा, नाहीतर मी हे इंजिन सोडून देते खाली!" प्रीती ओरडली. मग विक्की हळूच म्हणाला, "आवाज अगदी बाबासारखा आहे हिचा." त्यावर अंकुशनं मान हलवली. दिवसभरात त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

दुपारी पाटोडी-रस्सा झाला. जेवताना कोणी भांडलं नाही, कारण प्रेमिलाच्या रश्शाचा झणका असा की तोंड उघडायची सोय नव्हती. हात धुऊन सगळे बाहेर आले तर पाखरू विटांवरून उतरून स्वतःच्या चाकांवर उभं होतं. काच पुढे पाडलेली, बॉनेट पट्ट्यानं बांधलेलं. एक चाक डागाळलेलं, पण उभं होतं.

"चला, फोटो काढा," विक्की म्हणाला. "मले चारले जायचं आहे मंडपात वाढाले."

"थांबा जरा," प्रीती म्हणाली. तिनं डब्यातलं पेट्रोल टाकीत ओतलं, गाडीच्या तोंडाशी गेली, लोखंडी हँडल खुपसलं आणि फिरवलं. काही झालं नाही. पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा पाखरू खोकलं, धुराचा एक लोट विक्कीच्या धुतलेल्या सदऱ्यावर सोडला आणि सुरू झालं.

पोर्चच्या पत्र्याला कंप सुटला. शेजारची माणसं गच्चीवर आली. नंदिनीनं तोंडावर हात ठेवला. आत स्वयंपाकघरात विळीचा आवाज बंद पडला.

प्रीतीनं इंजिन बंद केलं तेव्हा विक्कीचे डोळे ओले होते, आणि ओल्या डोळ्यांनीच तो भावावर धावून गेला.

"म्हणजे तू घरातल्या घरात इंजिन चालू करून घेतलं, अन् आम्हाले सांगितलं पण नाही?"

"मी नाही केलं, प्रीतीनं केलं. रोज ड्युटीवरून आली का त्याच्यापाशीच बसत होती पोरगी."

"पण तुले माहीत होतं!"

"माझ्याच घरात आहे तं माहीत नसणार का, भैताडा?"

"विक्की, तुझ्या ध्यानात येऊन राहिलं का?" नंदिनी उठून विक्कीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. कुंडीचा डाग दोघं विसरले. "इंजिन चालू केलं. आता म्हणेल, चालती गाडी ज्याच्याजवळ इंजिन त्याची. बँकेतला माणूस आहे, सगळं ठरवून करते."

"नंदे, तोंड सांभाळ!"

"मी काहून सांभाळू?"

"अरे ऐका ना कोणीतरी!" प्रीती बॉनेटवर तळहात आपटून म्हणाली. "कोणाला गाडी लाटायची नाही. मला फक्त ही परत खोलायची नाही, बस. डिसेंबरात जुन्या गाड्यांची रॅली आहे. आजोबांची गाडी पळायला केली होती, पळू दे ना एकदा. नोंदणी करावी लागेल, त्यासाठी सबंध गाडी पाहिजे आणि कोणातरी एकाच्या नावावर पाहिजे. एवढंच."

एवढंच! ती एवढंच म्हणाली आणि पुढे जे झालं ते सगळं लिहायचं तर हा कागद पेटेल. अंकुश म्हणाला, थोरला मी. विक्की म्हणाला, एवढी वर्षं जागा माझी अडली. नंदिनी म्हणाली, मुलीचा हक्क कागदावर मान्य करता, गाडीवर करा की. त्यात थोडा वेळ अंकुश आणि नंदिनी एक झाले, विक्कीनं गाडीची हेळसांड केली म्हणून. मग विक्की आणि अंकुश एक झाले, नंदिनीच्या घरी पार्किंगच नाही म्हणून. प्रेमिला एवढंच म्हणत होती की कोणाच्याही नावावर करा, पण न्या.

"आजीच्या नावावर करू," शेवटी प्रीती म्हणाली.

तिघं थांबले. यात कोणाचं नुकसान नव्हतं आणि दुसऱ्या कोणाचा फायदाही नव्हता. हे तिघांनाही पसंत पडलं.

"मायच्या नावावर चालते मले," अंकुश म्हणाला.

"मले पण," विक्की म्हणाला. "माय! अवं माय, बाहेर ये!"

*

तुळसाबाई सगळं ऐकत होती. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला दिसतं कमी, पण ऐकू येतं ते सगळं येतं. ती आपल्या बुटक्या लाल सीटवर बसली होती, समोर वांग्यांचं ताट.

इंजिनाचा आवाज ऐकल्यापासून तिनं एकही वांगं चिरलं नव्हतं. तो आवाज ऐकून किती वर्षं झाली! शर्यतीच्या दिवशी गोविंदानं धावपट्टीच्या कडेलाच सीट काढली आणि तिच्या हातात दिली. "धर. शर्यत झाली का लावून देतो. मंग तुले फिरवून आणतो." नवी नवरी, नाही कशी म्हणणार? साऱ्या शर्यतभर दोरीच्या मागे ती सीट मांडीवर घेऊन बसली. पुढं आणखी एक शर्यत निघाली. मग पोरं झाली. मग गोविंदा म्हणाला, आता काय, तुले सवय झाली त्याच्यावर बसाची. ते तिला अजून डाचत होतं. नवरा चांगला होता, पण हे त्यानं वाईट केलं होतं.

ती उठली, भिंतीला धरत दारात आली.

"आजी, गाडी तुझ्या नावावर करायची आहे," प्रीती हसत म्हणाली. तिला खात्री होती. गेले सहा महिने ती याच क्षणाचं स्वप्न बघत होती. "आता खोलायची नाही. कायमची जोडलेली राहणार."

"नाई," तुळसाबाई म्हणाली.

"काय नाही?"

"जोडाची नाई. उद्या सांजच्याले खोला, जशी दरसाली खोलता तशी. ज्याचं त्यानं घेऊन जा."

आयुष्यात पहिल्यांदा तिन्ही भावंडं एका बाजूला झाली.

"माय, काय बोलून राहिली तू?"

"सगळे तयार आहेत, अन् तू नाही म्हणते?"

"हद्द झाली बाई! आम्ही जुळवून घ्यावं म्हणून जन्मभर तूच रडली ना? आता जुळलो तं..."

प्रीतीचा चेहरा उतरला. "आजी, काहून? मी किती मेहनत केली त्याच्यावर. तुला नाही वाटत आजोबांची गाडी चालावी?"

"वाटते. लई वाटते," तुळसाबाई म्हणाली. "पन गाडी जुळली का हे तिघं येतीन कायले इथं?"

"असं कसं माय, आम्ही येऊ ना," अंकुश म्हणाला.

"कदी? तू इंजिन आनाले येतं, अंकुश. मले भेटाले येत नाई. मागच्या दसऱ्याले आलता, मंग आज आला. मनीषनगर काय परदेशात हाय का?" तिचा आवाज चढला. "नंदीचा गुडघा कापला, तं तू गेलता का? विक्की, तू गेलता? अन् नंदे, विक्की पावसाळ्यात दवाखान्यात पडला होता, काविळीनं पार पिवळा झालता. तुले माईत तरी हाय का?"

नंदिनीनं चमकून विक्कीकडे बघितलं. "कधी? मले कोणी सांगितलंच नाही!"

"तेच म्हनून राहिली मी," तुळसाबाई म्हणाली. "कोनी कोनाले सांगत नाई. हे चाकं अन् इंजिन हाय म्हून वर्सातून एक दिस तुमची तोंडं एकमेकाले दिसतात. मी हाय तोवर तं येता. मी गेल्यावर मले भरवसा नाई तुमचा. म्हून खोला. तीन ठिकानी राहू द्या."

खुर्चीत बसलेल्या अंकुशला उठावंसं वाटलं आणि उठून कुठं जावं ते कळेना. आईचं बोलणं त्याला लागलं होतं. जास्त लागलं ते अशासाठी की खोटं नव्हतं.

"माय, एवढं मनात होतं तं आधी बोलली असती," तो कसाबसा म्हणाला.

"बोलले असते तं तू म्हटलं असतं, माय डोकं खाऊन राहिली."

हे अगदी बरोबर होतं. प्रेमिलाला हसू फुटलं आणि तिनं ते पदराआड घातलं.

प्रीती मात्र आता खरोखर चिडली होती. आजीवर, बापावर, सगळ्यांवर. "म्हणजे तुमचं एकमेकांशी पटत नाही म्हणून गाडीनं तुकड्यात राहायचं? ही कुठली रीत? आमच्याकडे शिफ्ट बदलते तेव्हा विमान असंच टाकून कोणी घरी जात नाही. जाणारा आणि येणारा दोघं विमानासमोर उभे राहतात, काय केलं, काय राहिलं, सगळं तोंडानं सांगतात, मगच सोडतात. तसं करा ना! गाडी सबंध ठेवा. चार महिने एकाकडे, चार दुसऱ्याकडे, चार तिसऱ्याकडे. पण नेऊन द्यायची ती चालवत, आणि त्या दिवशी तिघांनी हजर राहायचं. आजीनं पण. ज्याच्या घरी गाडी येईल त्याच्या घरी जेवण. आणि एक जण जरी आला नाही, तर मी स्वतः येऊन इंजिन काढून नेते!"

"म्हणजे आठ महिने माझा पोर्च मोकळा?" प्रेमिलानं विचारलं.

"हो, काकू."

"माझं मत हिले," प्रेमिला म्हणाली. तिला मत कोणी विचारलं नव्हतं.

तुळसाबाई बोटं मोजत होती. "म्हंजे वर्सातून तीनदा येतीन?"

"तीनदा, आजी. आणि प्रत्येक वेळी वेगळ्या घरी."

"पहिले चार महिने माझ्याकडे," अंकुश म्हणाला. "इंजिन माझ्याकडूनच आलं आहे."

"काहून तुझ्याकडे? उन्हाळा येईपर्यंत मजेचे दिवस तू घेशीन, अन् आम्ही पावसाळा काढू काय?" विक्की म्हणाला.

"माझ्या घरी जेवण म्हणजे सगळं मीच करायचं ना? आधी सांगून ठेवते, मी बाहेरून मागवीन," नंदिनी म्हणाली.

"पाहा, हिनं आत्तापासूनच सुरू केलं!"

तुळसाबाईनं तिघांकडे पाहिलं. मग ती वळली आणि आत गेली. फरशीवरून काहीतरी ओढत आणल्याचा आवाज आला. प्रेमिला धावली. सासू लाल सीट ओढत आणत होती. तिच्यावर जुन्या लुगड्याची घडी होती, ती तुळसाबाईनं उचलून बाजूला फेकली.

"हे बी बसवा मंग," ती म्हणाली. "माहा हिस्सा."

*

सीट बसवायला फार वेळ लागला नाही. जमिनीवरचं रबर उचललं तर खाली चारही भोकं तशीच होती. प्रीतीनं बोल्ट आवळले. विक्कीनं बसून पाहायचा प्रयत्न केला आणि त्याचं पोट आड आलं. अंकुशनं तर विचारच केला नाही. पाखराला अजूनही हलकीच माणसं लागत होती. प्रेमिलानं आणि नंदिनीनं मिळून तुळसाबाईला आत बसवलं आणि तिच्या मांडीवर पदर नीट खोचला.

"घट्ट धर, आजी."

"कायले धरू? हळू चालव तू."

पाखरू फाटकातून बाहेर पडलं. गल्लीत परगावची माणसं येत होती, पांढऱ्या साड्या, खांद्यावर पिशव्या, हातात निळे झेंडे. बुटक्या गाडीत बसलेली म्हातारी पाहून कोणी "जय भीम, आजी!" म्हणालं आणि तुळसाबाईनं दोन्ही हात जोडून "जय भीम, बाप्पा, जय भीम!" केलं. वारा तोंडावर येत होता. नाकात पेट्रोलचा वास होता. रस्ता एवढा जवळून तिनं कधी पाहिला नव्हता.

"असं असते काय वं हे," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "मेल्यानं एकदा तरी न्याचं होतं मले."

प्रीतीनं आजीच्या हातावर हात ठेवला.

चौकाच्या अलीकडे पाखरू दोनदा अडखळलं आणि बंद पडलं.

प्रीतीनं मागे पाहिलं. तिघं गल्लीतून येत होते. अंकुश पाठ धरून, नंदिनी लंगडत, विक्की सर्वांत पुढे, धुरानं काळा झालेला सदरा घालून.

"मी म्हटलं होतं ना, एवढ्यात बाहेर काढू नका!"

"तू कधी म्हटलं?"

"टाकीत कचरा असेल. टाकी कोणाकडे होती? विक्कीकडे."

"ताई, तू आधी हात लाव. ढकलू या. हलकी आहे, जाईल."

"काका, दुसऱ्या गिअरात टाकते, जरा जोर लावा!" प्रीती ओरडली. तिनं क्लच दाबला. तिघांनी मागे हात लावले आणि पाखरू हललं. चाकं फिरू लागली. आणखी थोडा वेग आला की क्लच सोडायचा, इंजिन लगेच धरणार, हे तिला पायातच कळत होतं.

मागून आवाज येत होते.

"दादा, तू नुसता हात ठेवून चालून राहिला!"

"माझी पाठ..."

"पाठ गेली खड्ड्यात, ढकल!"

"विक्की, काविळीत तू पथ्य तरी पाळलं का रे? अन् मले फोन करता येत नव्हता?"

"तू तरी गुडघ्याचं सांगितलं होतं का? हळू चाल, पडशीन!"

"अरे, दोघं बोलू नका, श्वास पुरत नाही माझा!"

प्रीतीनं क्लच सोडायला पाय उचलला, तेवढ्यात आजीचा हात तिच्या गुडघ्यावर पडला.

"इतक्यात नको चालू करू," तुळसाबाई हळूच म्हणाली. ती समोर बघत होती, कान मागे लावून. "ढकलू दे जरा."

प्रीतीनं पाय परत क्लचवर दाबून धरला.